डिझाइन शिकवा, पण त्याचा पेपर काढू नका

प्रति,
राज्याचा शालेय अभ्यासक्रम आखणारे आणि मूल्यमापनाचे नियम ठरवणारे सर्व मान्यवर,



हे पत्र भंडारा जिल्ह्यातून येत आहे आणि ते काळजीपोटी लिहिलेले आहे. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये शाळेत आणायच्या नव्या विषयांची यादी आहे. तिच्यात कृत्रिम बुद्धिमत्तेच्या शेजारीच ‘डिझाइन थिंकिंग’ आहे. सीबीएसईने त्यावर कौशल्यविषय सुरूही केला. लाखांदूर, मोहाडी, साकोलीच्या जिल्हा परिषद शाळांपर्यंत तो आज ना उद्या येणार. तो यावा असेच या जिल्ह्यातल्या अनेक पालकांना आणि शिक्षकांना वाटते. कसा यावा, याबद्दल मात्र आपल्याशी स्पष्ट बोलण्याची गरज आहे.

आपल्याकडे कोणतीही चांगली कल्पना शाळेत आली की दोन-चार वर्षांत तिचा पेपर होतो. कार्यानुभवाचे तसे झाले, प्रकल्पांचेही झाले. कुठल्याही तालुक्याच्या गावी स्टेशनरीच्या दुकानात चौकशी करावी. तयार प्रकल्पवह्या, कापून चिकटवायची चित्रे, रंगवून ठेवलेले थर्माकोलचे नमुने, सगळे मिळते. मुलाने नाव घालायचे तेवढे बाकी असते. डिझाइन थिंकिंगचा पाच पायऱ्यांचा तक्ता सध्या जगभर फिरतो आहे: माणसाची अडचण समजून घ्या, प्रश्न नेमका मांडा, बरेच उपाय सुचवा, कच्चा नमुना करा, तो वापरून पाहा. २००५ च्या सुमारास स्टॅनफर्ड विद्यापीठात उभ्या राहिलेल्या ‘डी.स्कूल’ने तो प्रसिद्ध केला. तक्त्यात वाईट काही नाही. पण तो आपल्या पाठ्यपुस्तकात छापला गेला की ‘डिझाइन थिंकिंगच्या पाच पायऱ्या सांगून स्पष्टीकरण लिहा’ हा प्रश्न पाठोपाठ येणार, गाइडांत त्याचे उत्तर येणार आणि एकही वस्तू हातात न घेता मुले पैकीच्या पैकी गुण मिळवणार. म्हणून पहिली विनंती अशी: या पायऱ्यांच्या नावांवर, व्याख्यांवर, फायद्या-तोट्यांवर एकही लेखी प्रश्न विचारला जाणार नाही, असा नियम विषय सुरू होण्याआधीच करावा.

मुळात डिझाइन शिकवता येते का, अशी शंका घेणारे शिक्षकही पुष्कळ आहेत. ‘ते अंगातच असावे लागते’ हे वाक्य शिक्षकांच्या खोलीत सहज ऐकू येते. या शंकेला उत्तर आहे आणि ते बरेच जुने आहे. ब्रायन लॉसन या इंग्लंडमधल्या अभ्यासकाने १९७० च्या दशकात एक प्रयोग केला. काही रंगीत ठोकळे द्यायचे, ते असे मांडायला सांगायचे की बाहेरच्या बाजूंवर ठरावीक रंग जास्तीत जास्त दिसावा. कोणते ठोकळे वापरलेच पाहिजेत याचा एक छुपा नियमही असायचा. विज्ञानाच्या वरच्या वर्गातल्या विद्यार्थ्यांनी आधी नियम शोधण्याचा प्रयत्न केला. वास्तुरचनेच्या शेवटच्या वर्षातल्या विद्यार्थ्यांनी थेट चांगली वाटणारी मांडणी करून दाखवली. ती नाकारली गेली की दुसरी, मग तिसरी, आणि त्या नकारांतूनच नियम त्यांच्या लक्षात येत गेला. लॉसनने पुढे हाच प्रयोग शाळेतल्या मोठ्या मुलांवर आणि वास्तुरचनेच्या पहिल्या वर्षात नुकत्याच आलेल्या विद्यार्थ्यांवर केला, तेव्हा दोन गटांत असा ठळक फरक दिसला नाही. याचा अर्थ, विचाराची ती रीत मुले घेऊन आली नव्हती, शिक्षणाच्या वर्षांत ती त्यांच्यात घडत गेली.

ती घडली कशाने? व्याख्यानांनी फारशी नाही. अमेरिकी अभ्यासक डोनाल्ड शॉन यांनी १९८३ च्या आपल्या पुस्तकात वास्तुरचनेच्या वर्गातला एक संवाद बारकाईने मांडला आहे. विद्यार्थिनी अडली आहे. शिक्षक तिच्या रेखाटनावर पारदर्शक कागद ठेवून स्वतः रेघा ओढत बोलतो, इमारत उताराशी भांडते आहे, तिला असे वळवले तर काय होईल ते पाहा, म्हणतो. शिकवणे त्या ओढलेल्या रेघेत असते. डिझाइनचे शिक्षक सुधाकर नाडकर्णी जर्मनीतल्या उल्म येथे शिकून आले, आणि १९६९ मध्ये आयआयटी मुंबईत औद्योगिक अभिकल्प (डिझाइन) केंद्र उभे राहिले, तेव्हा तिथेही शिक्षणाचा गाभा हाच होता: करून दाखवा, समोर ठेवा, बोलणी ऐका, पुन्हा करा. पाच पायऱ्यांच्या तक्त्यात नेमका हा, केलेले काम समोर ठेवून त्यावर परीक्षण ऐकण्याचा, भाग कुठेच नाही. न्यू यॉर्कमधल्या नामवंत डिझायनर नताशा जेन यांनी २०१७ मध्ये जाहीर व्याख्यानात हाच आक्षेप घेतला होता. रंगीत चिठ्ठ्या भिंतीवर चिकटवल्या जातात, पण केलेल्या कामाचे कठोर परीक्षण कुणी करत नाही, असे त्यांचे म्हणणे होते. शाळांत हा विषय आणताना परीक्षण गळून चिठ्ठ्या तेवढ्या येऊ नयेत, एवढीच अपेक्षा आहे.

आता भंडाऱ्याकडे येऊ या, कारण या विषयाचे पाठ्यपुस्तक आमच्याकडे आधीपासून आहे. फक्त ते छापलेले नाही.

हे शहर पितळी भांड्यांसाठी ओळखले जाते. स्टील आणि प्लास्टिक आले तसा तो धंदा आटत गेला, तरी घराघरांत जुना गुंड (पाण्याची पितळी घागर), गंगाळ, लोटा अजून आहे. चार्ल्स आणि रे ईम्स या अमेरिकी डिझायनर दांपत्याने भारत सरकारच्या निमंत्रणावरून देश फिरून १९५८ मध्ये एक अहवाल दिला. त्याच अहवालातून पुढे १९६१ मध्ये अहमदाबादची राष्ट्रीय डिझाइन संस्था निघाली. देशभर पाहिलेल्या वस्तूंमधून त्यांनी सर्वांत सुंदर वस्तू म्हणून निवड केली ती साध्या लोट्याची. लोटा घडवायचा तर कोणकोणते प्रश्न सोडवावे लागतील याची लांबलचक यादी त्यांनी दिली. पाणी किती मावावे, तो डोक्यावर न्यायचा की कमरेवर, भरलेला आणि रिकामा असताना तोल कुठे राहतो, ओतताना धार कशी पडते, आत हात घालून घासता येतो का, आतला द्रव गरम असताना तो धरता येतो का, ठोकला तर आवाज कसा येतो, किंमत किती, आणि कुणाला भेट देताना तो कसा वाटतो. एवढे प्रश्न कुणा एका माणसाने सोडवले नाहीत. ते पिढ्यानपिढ्यांच्या हातांनी सुटत गेले.

सातवीच्या वर्गात हाच धडा होऊ शकतो. एका बाजूला घरचा पितळी गुंड, दुसऱ्या बाजूला प्लास्टिकची घागर. दोन्ही भरून दोन्ही उचलायच्या, शंभर पावले चालायचे. मग आजीला विचारायचे की पितळ सोडून प्लास्टिक का घेतले. ती वजनाचे सांगेल, किमतीचे सांगेल, चिंचेने घासत बसण्याच्या कष्टाचे सांगेल. गुंडातल्या पाण्याची चव आठवून कदाचित हळहळेलही. यातली प्रत्येक गोष्ट मुलाने टिपली पाहिजे आणि शेवटी स्वतःचा एक प्रस्ताव मांडला पाहिजे, मातीचा वा कागदाचा असला तरी चालेल. या धड्याला संगणक लागत नाही. केंद्राच्या अटल टिंकरिंग लॅब या प्रयोगशाळेसाठी शाळेला २० लाख रुपयांपर्यंत अनुदान मिळत आले आहे. ज्या शाळांना ते मिळाले त्यांचे अभिनंदन, पण ज्यांना मिळाले नाही त्यांना ‘आमच्याकडे साहित्य नाही’ असे म्हणण्याची सोय या विषयाने देऊ नये.

मोहाडी तालुक्यातल्या आंधळगावला कोसा रेशीम विणले जाते. विदर्भातल्या विणकरांची करवतकाठी साडी तिच्या काठावरच्या करवतीच्या दात्यांसारख्या नक्षीने ओळखली जाते. काठाचा रंग वेगळा, अंगाचा वेगळा. दोन्हीकडचे आडवे धागे एकमेकांत अडकवत नेण्यासाठी विणकर तीन धोटे चालवतो. हे असे का करावे लागले असेल, एकच धोटा वापरला तर काय बिघडेल, हा आठवीच्या मुलासाठी उत्तम प्रश्न आहे. त्याचे उत्तर कुठल्याही गाइडात नाही, ते मागावर बसलेल्या माणसाकडे आहे.

आणि तलाव. पूर्व विदर्भातले मालगुजारी तलाव हे या जिल्ह्याचे सर्वांत मोठे डिझाइन आहे, असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही. कोहळी समाजाने काही शतकांपूर्वी ते बांधायला घेतले. उताराची नजर एवढी पक्की की एका तलावाचे जादा पाणी सांडव्यावरून खालच्या बोडीत (लहान तळ्यात), तिथून पाटाने धानाच्या बांध्यांमध्ये, असा सारा प्रवास आखलेला. पाळ किती उंच, सांडवा कुठल्या टोकाला, गावाला किती अंतरावर, यातली एकही गोष्ट सहज ठरलेली नाही. १९५० च्या कायद्याने मालगुजारी ही जमीनदारी पद्धत गेली, तलाव सरकारकडे आले, आणि ज्यांना त्यांची रीत कळत होती त्यांचा निर्णयातला वाटा गेला. गाळ साचला, पाटांची देखभाल थांबली, पाण्यात बेशरम ही वनस्पती माजली. हा इतिहास आमच्या मुलांना ठाऊक नाही, कारण भूगोलाच्या पुस्तकात भंडारा ‘तलावांचा जिल्हा’ या एका ओळीत आटोपतो.

याच भागात मनीष राजनकर आणि भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळाने ढिवर समाजातल्या मासेमार स्त्री-पुरुषांबरोबर जे केले, ते डिझाइनच्या कुठल्याही वर्गात शिकवण्याजोगे आहे. त्यांनी आधी मासेमारांना विचारले की कुठले देशी मासे कमी झाले आणि का. उत्तरातून पाणवनस्पतींपर्यंत पोहोचले. मग उन्हाळ्यात तलाव आटल्यावर बेशरम उपटायची, तळ नांगरायचा, देशी वनस्पती लावायच्या, आणि पावसाळ्यानंतर मासे कसे येतात ते पाहायचे. ज्यांचा प्रश्न होता त्यांच्या ज्ञानाने तो सुटत गेला. हे काम अर्जुनी मोरगाव परिसरात उभे राहिले. तो तालुका आज गोंदिया जिल्ह्यात आहे, पण १९९९ पर्यंत तो भंडाऱ्यातच होता.

आपल्याकडे तक्रार नोंदवायची आहे ती यानंतर. अशा कामाला शाळेत आणायचे तर सगळ्यात मोठा अडथळा नमुना प्रकल्पांचा आहे. ‘शिक्षक हस्तपुस्तिके’त दहा आदर्श प्रकल्प द्यायची आपली पद्धत आहे आणि हेतू चांगलाच असतो. डेव्हिड जॅन्सन आणि स्टीव्हन स्मिथ यांनी १९९१ मध्ये याविषयी एक अभ्यास प्रसिद्ध केला. अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना न सांडणारा कॉफीचा कप आखायला दिला. एका गटाला नुसता प्रश्न, दुसऱ्याला प्रश्नासोबत एक उदाहरण. त्या उदाहरणात नळी होती, आणि नळी वापरायची नाही असे सूचनेत स्पष्ट लिहिलेले होते. तरी उदाहरण पाहिलेल्या गटाच्या आराखड्यांत नळी पुन्हा पुन्हा आली. डोळ्यांसमोर आलेला नमुना माणसाला बांधून टाकतो, शिकलेल्या माणसालाही. मग तेरा वर्षांच्या मुलापुढे आपण रंगीत फोटोसह ‘आदर्श बोडी’ ठेवली तर तो पाळीवर जाऊन काय पाहील? विनंती अशी की हस्तपुस्तिकेत प्रश्न द्यावेत, प्रश्न कसा उकलत न्यायचा याच्या गोष्टी द्याव्यात, पण तयार उत्तरांची चित्रे देऊ नयेत. निदान मुलाचा पहिला प्रयत्न होईपर्यंत तरी ती वर्गात दाखवू नयेत.

आता गुणांकडे. इथे शिक्षकांची बाजूही मांडली पाहिजे, कारण दोष सारा त्यांच्यावर टाकणे अन्यायाचे होईल.

२०१० मध्ये राज्यात सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आले. त्याची भूमिका फार चांगली होती. मुलाचे निरीक्षण करा, त्याच्याविषयी वर्णनात्मक नोंद लिहा. पण एका शिक्षकाकडे एकाहून अधिक वर्ग, शेकडो नोंदी, आणि वर इतर कामांचा डोंगर. परिणामी ‘वर्णनात्मक नोंदी’ या नावाने तयार वाक्यांची पुस्तके आणि याद्या निघाल्या. ‘नवनिर्मितीची आवड आहे’, ‘स्वतःचे मत मांडतो’, अशी वाक्ये एका मुलाच्या प्रगतिपत्रकातून दुसऱ्याच्या प्रगतिपत्रकात उतरत राहिली. हा नैतिक ऱ्हास म्हणून सोडून देण्याचा विषय नाही. वेळ न देता निरीक्षण मागितले की हेच होणार. डिझाइनच्या बाबतीत पुन्हा हीच चूक होऊ नये. आठवड्यातून सलग दोन तासिका, आणि एका शिक्षकाकडे नोंदी ठेवण्याइतकीच मुले, एवढे देता येत नसेल तर विषय सुरू करण्याची घाई करू नये.

सर्जनशील कामाला माणसांनी विश्वासार्ह गुण देता येतात, हे मात्र सिद्ध झालेले आहे. मानसशास्त्रज्ञ टेरेसा अमाबिले यांनी १९८२ मध्ये मांडलेली पद्धत साधी आहे. मुलींनी कागदाचे तुकडे चिकटवून केलेली चित्रे त्या क्षेत्राची जाण असलेल्या परीक्षकांना स्वतंत्रपणे पाहायला दिली. त्यांना निकषांची लांब यादी दिली नाही, आपसांत बोलू दिले नाही, फक्त कामांची एकमेकांशी तुलना करायला सांगितले. त्यांचे निर्णय बऱ्याच प्रमाणात जुळले. २०२२ च्या पिसा या आंतरराष्ट्रीय चाचणीतही सर्जनशील विचार तपासला गेला तेव्हा खुल्या उत्तरांना माणसांनीच गुण दिले. आयआयटी मुंबई घेत असलेल्या, डिझाइन पदवीसाठीच्या यूसीड प्रवेशपरीक्षेत संगणकावरच्या प्रश्नांबरोबर हाताने रेखाटण्याचा भाग आहे, आणि तो माणसे तपासतात. ‘वस्तुनिष्ठ नाही म्हणून तपासता येत नाही’ हा युक्तिवाद म्हणूनच टिकत नाही.

वशिल्याची भीती खरी आहे. लहान जिल्ह्यात सगळे सगळ्यांना ओळखतात. त्यावर उपाय म्हणजे दुसऱ्या तालुक्यातले परीक्षक, नाव झाकलेली वही, आणि दोन परीक्षकांच्या निर्णयात मोठी तफावत पडली तर तिसरा. या विषयाचे गुण दहावीच्या टक्केवारीत धरू नयेत, हे तर निश्चितच. धरले की शिकवण्या सुरू होतील.

तपासायचे काय, हा खरा प्रश्न. तयार वस्तू किती देखणी झाली यावर गुण देऊ नयेत, कारण देखणी वस्तू वडिलांकडून किंवा दुकानातून येते. तपासावी ती वही: तारखेसह, फसलेल्या प्रयत्नांसह, कुणाला विचारले, त्याने काय सांगितले आणि त्यानंतर आराखड्यात काय बदलले यासह. ज्या वहीत पहिला आणि शेवटचा आराखडा सारखाच आहे, तिथे मुलाला समोर बसवून विचारावे की वाटेत काही बदलावेसे वाटले नाही का. पाबळच्या विज्ञान आश्रमाने या बाबतीत राज्याला वाट घालून दिली आहे. डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये तो सुरू केला. तिथून निघालेला ‘मूलभूत तंत्रज्ञान’ हा विषय राज्यातल्या अनेक शाळांत आठवी ते दहावीला शिकवला गेला आहे. त्यात मुले गावाला सेवा देतात: वीजजोडणी, सुतारकाम, माती तपासणे. केलेले काम गावकरी वापरतो की नाही, ही सगळ्यात प्रामाणिक परीक्षा. नव्या अभ्यासक्रमाने हा अनुभव डावलून परदेशी तक्ता आणला, तर ते आश्चर्याचेच ठरेल.

अशा नोंदीच्या आणि तपासण्याच्या रीतीचे उदाहरण शेजारीच आहे. चंद्रपूर जिल्ह्यात, नागभीड तालुक्यातल्या नांदेड गावी दादाजी रामाजी खोब्रागडे राहत. तिसरीपर्यंत शिक्षण, दीड एकर जमीन. १९८३ मध्ये ‘पटेल ३’ धानाच्या बांधीत काही लोंब्या वेगळ्या दिसल्या, त्यांनी त्या बाजूला काढल्या. वर्षानुवर्षे वेगळे पेरले, निवडले, शिजवून पाहिले. त्यातून बारीक दाण्याचा एचएमटी तांदूळ आला आणि धानपट्ट्यात सर्वत्र पसरला. पुढे त्यांनी आणखीही वाण काढले. ‘डीआरके’ या वाणाला त्यांच्याच नावाची आद्याक्षरे आहेत. २०१८ मध्ये ते गेले. त्यांचे निरीक्षण, निवड, तपासणी यांची रीत नववीच्या पुस्तकात आली पाहिजे, चरित्राचा धडा म्हणून नाही, तर कामाची पद्धत म्हणून: रोवणीच्या आधी पऱ्ह्यांतून, म्हणजे रोपांतून, एक निरीक्षण नोंदवून आणा, कापणीपर्यंत त्यावर नजर ठेवा.

शेवटी एक ठोस मागणी. राज्यभर एकदम लागू करण्याआधी भंडाऱ्याच्या सातही तालुक्यांत प्रत्येकी एका शाळेत हा विषय वर्षभर करून पाहावा. पाठ्यपुस्तक न छापता, लेखी परीक्षा न घेता. जे फसले तेही अहवालात छापावे. या प्रयोगाच्या आखणीच्या पहिल्या बैठकीला पितळेचे कारागीर, कोशाचे विणकर आणि तलावावरचे ढिवर मासेमार यांना तज्ज्ञ म्हणून बोलवावे, आणि त्यांचा प्रवासखर्च व बुडालेल्या दिवसाची मजुरी अंदाजपत्रकात आधीच धरावी. बैठक मे महिन्यात ठेवली तर सोयीचे होईल. तेव्हा बोड्या आटलेल्या असतात आणि तळ, पाळ, सांडवा सगळे पायी फिरून पाहता येते.

उत्तराच्या प्रतीक्षेत,

आपला विश्वासू,
भंडारा जिल्ह्यातील एक पालक